केमो लागू पडतेय का ते दोन आठवड्यांत सांगणारं मशीन, माझा रिव्ह्यू

न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत ब्रेस्ट कॅन्सरसाठी जे ऑप्टिकल इमेजिंग मशीन बनवलंय त्याला माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार. मशीन मी वापरलेलं नाही, २०१८ साली रेडिओलॉजी जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला तो नीट वाचून लिहितेय, आणि वाचताना डोळ्यासमोर सारखी माझी ताई होती. तिची ऑपरेशनच्या आधीची केमो होती, पहिल्यांदा चार सायकल लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिन, रंगाने लाल असतं), मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध, आणि एवढे महिने गाठ कमी होतेय का हे कळायला मुख्य आधार काय तर डॉक्टरांचा हात, मधेच एखादी सोनोग्राफी. ताई रोज आंघोळीला गेली की स्वतःच चाचपायची, आणि बाहेर आल्यावर चेहऱ्यावरून कळायचं आज काय वाटलं ते.

म्हणून हे मशीन मला इतकं महत्त्वाचं वाटतं. यात सुई नाही, शिरेतून द्यायचं डाय नाही, रेडिएशन नाही, मॅमोग्राफीसारखं दाबणं नाही. लाल आणि इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश दोन्ही स्तनांतून पाठवतात. तत्त्व आपल्या पल्स ऑक्सिमीटरचंच, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळा शोषतं. खरी हुशारी मात्र पुढे आहे. बाईला निदान १५ सेकंद श्वास रोखायला सांगतात. तेवढ्या वेळात शिरांमधून रक्त परत जाणं अडतं पण धमन्यांमधून येणं चालूच राहतं, त्यामुळे स्तनात रक्त साचतं आणि श्वास सोडला की ओसरतं. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात, तिथे हे साचणं-ओसरणं नॉर्मल भागापेक्षा वेगळं होतं, आणि औषध लागू पडायला लागलं की तेही बदलतं. गाठीचा आकार कमी व्हायला वेळ लागतो, रक्ताचा फरक त्याच्या आधी दिसतो. स्टेज २ आणि ३ च्या ३४ बायकांमध्ये त्यांनी हे पाहिलं, आणि कोणाला चांगला रिस्पॉन्स येणार, कोणाला नाही यातला फरक केमो सुरू झाल्यावर दोनच आठवड्यांत दिसायला लागला. पाच-सहा महिन्यांच्या कोर्समध्ये दोन आठवडे! लागू न पडणारं औषध तेव्हाच बदलता आलं तर हृदयावरचा, मज्जातंतूंवरचा किती त्रास वाचेल.

दीड स्टार का कापला तेही सांगते. ३४ हा आकडा फार छोटा आहे. प्रकाश शरीरात विखुरतो म्हणून चित्र एमआरआयसारखं रेखीव येत नाही. शिवाय याच जातीच्या दुसऱ्या तंत्राची, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या लॅबमधल्या हातात धरायच्या प्रोबची, अमेरिकेत वेगवेगळ्या सेंटर्सवर एसीआरआयएन ६६९१ नावाची ट्रायल झाली, २०१६ ला निकाल आला. केमोच्या मध्यावर केलेल्या अंदाजाचा स्कोअर सगळ्या बायका धरून ०.६०, आणि यात १ म्हणजे अचूक अंदाज, ०.५० म्हणजे नुसती नाणेफेक. ज्यांच्या गाठीत आधीच ऑक्सिजन जास्त होता त्यांच्यात मात्र ०.८३ पर्यंत गेला. म्हणजे माहिती आत आहे, पण ती सगळ्यांसाठी सारखी बोलत नाही. आणि त्वचेतलं मेलॅनिनसुद्धा प्रकाश शोषतं, तेव्हा आपल्याकडच्या सावळ्या बायकांवर याची वेगळी, मोठी चाचणी झाल्याशिवाय मी तरी पूर्ण भरवसा ठेवणार नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि टाटासारख्या हॉस्पिटलमध्ये व्हावी, जिथे महाराष्ट्रातल्या गावागावातून बायका येतात.

तोपर्यंत घरात कोणाची ऑपरेशनआधीची केमो सुरू होत असेल तर पहिल्याच भेटीत विचारा की रिस्पॉन्स कशावर मोजणार, नुसत्या हाताने की सोनोग्राफी, एमआरआयने, आणि कितव्या सायकलनंतर. आणि गाठीत क्लिप, म्हणजे खुणेसाठीचा धातूचा बारीक तुकडा, टाकणार का हेही विचारा, कारण केमोने गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा त्या क्लिपवरूनच सापडते.