हॉट टबसाठी क्लोरीन की ब्रोमीन?

टब बसवला की पहिला प्रश्न हाच येतो. निर्णय घाईने घेऊ नका, कारण एकदा ब्रोमीन वापरलं की त्याच पाण्यात क्लोरीनवर परत येता येत नाही. पाण्यात ब्रोमाइड उरतं आणि नंतर टाकलेलं क्लोरीन त्याचंच पुन्हा ब्रोमीन करतं. क्लोरीनच हवं असेल तर टब पूर्ण रिकामा करायचा, धुवायचा, नव्याने भरायचा.

जंतू दोन्हींनी मरतात. खरा फरक पडतो तो गरम पाण्यात. ३८ ते ४० अंशांवर क्लोरीन भराभर संपतं. त्यात जेट सुरू झाले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) वर चढतो. पीएच ७.५ असताना जेमतेम निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ वर तर पावच. ब्रोमीनचा मात्र पाऊण भाग ८ वरही काम करत असतो. घामाशी संयोग झाला की क्लोरीनचे क्लोरामाइन बनतात. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो त्यांचाच. ब्रोमीनचे असे संयोग जंतू मारत राहतात, वासही कमी येतो.

ऊन हा ब्रोमीनचा शत्रू. क्लोरीनला सायन्युरिक आम्लाचं संरक्षण मिळतं, ब्रोमीनला मिळत नाही. पण डायक्लोर या क्लोरीनच्या पावडरमधलं हेच आम्ल पाण्यात साठत जातं: क्लोरीन १० पीपीएमने (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅमने) वाढवलं की हे साधारण ९ पीपीएमने वाढतं. ते फार झालं की क्लोरीन मंदावतं, म्हणून दर तीन महिन्यांनी पाणी बदलाच.

क्लोरीन किमान ३ पीपीएम, ब्रोमीन ४ ते ८. पीएच दोन्हीकडे ७.२ ते ७.८. क्लोरीन किंवा ब्रोमीन याखाली गेलं तर स्यूडोमोनास जंतूंमुळे अंगावर पुरळ उठू शकतं. क्षारता, म्हणजे पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम ठेवा. १००० लिटरला १७ ग्रॅम खायचा सोडा घातला की ती १० पीपीएमने वाढते. बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर पांढरे क्षार बसतात, तिथे पीएच चढू देणं महागात पडतं.

माझं मत स्पष्ट आहे. रोज टबात उतरत असाल, पट्टी बुडवून पाणी तपासायची सवय असेल आणि टब उघड्या गच्चीवर असेल, तर डायक्लोर घ्या, स्वस्तही पडतं. टब झाकलेला असेल, लोणावळ्याच्या बंगल्यासारखा शनिवार-रविवारीच वापरात येत असेल, तर ब्रोमीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात घालून ठेवा. महाग आहेत, पण आठवडाभर हळूहळू विरघळत राहतात.

पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्या मात्र टबात नकोत. त्या फार आम्लधर्मी असतात, हीटर खातात. आणि ज्या डब्यात ब्रोमीनच्या गोळ्या होत्या, त्यात क्लोरीनच्या कधीच टाकू नका. दोन्ही एकत्र आल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.