अटलजी ऐकू की केनेडी-निक्सन पाहू?

ग्वाल्हेरात वादविवाद स्पर्धेला उभं राहणाऱ्या प्रत्येक पोराला पहिला सल्ला मिळतो, अटलजी ऐक. जन्म इथला, कॉलेज इथलं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण आमच्या लष्कर भागातल्या शेजारच्या मुलीने परवा विचारलं, "काकू, आठच दिवस आहेत. अटलजी ऐकू की ती अमेरिकेतली डिबेट्स पाहू?" मी दोन्ही तिच्यासोबत बसून पुन्हा पाहिली.

मे १९९६ चं लोकसभेतलं भाषण घ्या. सरकार तेरा दिवसांचं, बहुमत नाही. सत्तेचा लोभ असल्याचा आरोप ते आधी स्वतःच्या तोंडाने मांडतात, मग रामाचं म्हणून 'न भीतो मरणादस्मि' (मरणाला मी भीत नाही, भीतो ती बदनामीला) हे वचन सांगून उत्तर देतात. मुळात ते 'मृच्छकटिक' नाटकातलं. आपल्या शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणतात. विरोधकाचा मुद्दा त्याच्याइतकाच नीट मांडला की ऐकणारा आपल्यावर विश्वास टाकतो. पुढे 'सरकारें आएंगी, जाएंगी' हे वाक्य बघा. क्रियापदं जोडीजोडीने येतात आणि सगळा भार शेवटी देशावर पडतो. शब्दांची ही बांधणी कष्टाने शिकता येते.

त्यांचा विराम मात्र उचलू नका. दरवर्षी दोन-तीन मुलं डोळे मिटून थांबतात आणि परीक्षकांना वाटतं, पाठांतर विसरलं. अटलजी थांबायचे तेव्हा वाक्य अर्धं लटकलेलं असायचं आणि पुढचा शब्द ऐकायला सभागृह थांबलेलं असायचं. ती उत्सुकता आधी तयार करावी लागते.

२६ सप्टेंबर १९६० ची शिकागोतली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची, केनेडी-निक्सन यांची टीव्हीवरची लढत वेगळंच शिकवते. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने इस्पितळात राहून आलेले, वाळलेले. करडा सूट मागच्या पडद्यात मिसळलेला, चेहऱ्यावर घाम. रेडिओवाल्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचा आधार कच्चा आहे. तसंच 'प्रभावाचा ९३ टक्के भाग शब्दांबाहेरचा' हा आकडा. तो ज्यांच्या नावावर सांगतात त्या मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे प्रयोग भावना आणि आवडनिवड कशी पोचते एवढ्यापुरते होते. त्यावर विसंबून मुद्दे कच्चे ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

अमेरिकन डिबेट्समधून घ्यायचं ते दुसऱ्याची पाळी चालू असतानाचं. १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी प्रश्न चालू असताना घड्याळ पाहिलं. २००० मध्ये उमेदवार अल गोर यांचे सुस्कारे माइकमधून घराघरांत ऐकू गेले. दोघांचे त्या वेळचे मुद्दे किती जणांना आठवतात?

मी त्या मुलीच्या सरावाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं आणि आवाज बंद करून तिला दाखवलं. समोरची बोलत होती तेव्हा ही कार्डाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, आणि दर वाक्याला भुवया वर. बोलताना तिचे हात छान चालत होते, नजर परीक्षकांवर होती. बिघाड सगळा गप्प बसण्यात होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा लावा."

म्हणून तिला सांगितलं, अमेरिकेला एकच संध्याकाळ दे, तीही आवाज बंद ठेवून. उरलेले सात दिवस अटलजी, आणि रोज एक पूर्वपक्ष लिहून काढायचा. स्पर्धा नुसती वक्तृत्वाची असेल, खंडनाची फेरीच नसेल, तर ती संध्याकाळही अटलजींनाच द्यावी.