बल्क एसएमएसचं पॅकेज : एका भाजणीवालीचा अभिप्राय

डोंबिवलीत घरगुती भाजण्या, मेतकूट आणि उन्हाळ्यात कुरडया-सांडगे असा माझा व्यवसाय आहे. यंदा दिवाळीआधी एका कंपनीकडून बल्क एसएमएसचं, म्हणजे एकाच वेळी खूप जणांना मेसेज पाठवायचं, पॅकेज घेतलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण चौकशी केली तेव्हा बाकीच्यांनीही साधारण हेच पुराण ऐकवलं. घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा.

आधी चांगलं सांगते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांमुळे कुणीही उठून जाहिरातीचे मेसेज पाठवू शकत नाही. डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर धंद्याची नोंदणी, मग हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकुराचा टेम्प्लेट, हे सगळं मंजूर व्हावं लागतं. लिंक द्यायची तर तीसुद्धा आधी नोंदवायची. मंजूर मजकुराशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. ही किचकट कामं कंपनीत काम करणाऱ्या एका मुलीने नीट, न कंटाळता करून दिली. तिला पैकीच्या पैकी.

आता दर. ‘एका मेसेजला इतके पैसे’ हे इंग्रजी मजकुराचं गणित असतं. रोमन लिपीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याचं चिन्ह सगळं वेगळं धरतात. ‘आमच्याकडे’मधला ‘च्या’ दिसायला एक, मोजणीत चार! ‘आमच्याकडे चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ आणि मेतकूट मिळेल.’ एवढ्यातच ५४ संपली. पुढे फोन नंबर टाकला की ६५, आणि माझं नाव घातलं की दुसरा मेसेज सुरू, पैसे दुप्पट. विक्रीवाले दादा म्हणाले, ‘ताई, इंग्रजी अक्षरांत लिहा ना.’ मग भाजणीचं भजनी वाचून लोक टाळ घेऊन आले असते. मी ‘आमच्याकडे’ आणि ‘मिळेल’ उडवून एका मेसेजात बसवलं.

या दादांनी दोन सल्ले दिले, दोन्ही मी नाकारले. पहिला, पिनकोडप्रमाणे नंबरांचा ‘टार्गेटेड डेटाबेस’ विकत घेण्याचा. नमुन्याची यादी दाखवली, तर त्यात ‘उच्च उत्पन्न गट’ म्हणून माझा सख्खा भाऊ! त्याने कधी कुणाला परवानगी दिली होती, याचं उत्तर मिळालं नाही. दुसरा, ज्यांनी डीएनडी लावलंय, म्हणजे जाहिराती नकोत असं नोंदवलंय, त्यांना ‘सर्व्हिस’ मेसेज म्हणून पाठवण्याचा. जाहिरातीच्या हेडरमागे आता ‘-पी’ लागतो आणि सेवेच्या, म्हणजे ऑर्डर निघाली वगैरे कळवणाऱ्या, मेसेजला ‘-एस’. ऑफर ‘-एस’मधून ढकलायची, म्हणजे १९०९वर तक्रार गेली की हेडर माझं अडकणार, यांचं काही नाही.

रिपोर्ट मात्र दिसायला झकास. रंगीत गोल, त्यात भलामोठा ‘डिलिव्हर्ड’चा आकडा. डिलिव्हर्ड म्हणजे फोनपर्यंत पोचला, इतकंच. साध्या एसएमएसमध्ये वाचला की नाही हे कळायची सोयच नाही, तेव्हा ‘९८ टक्के ओपन रेट’ कुणी ऐकवला तर कुठून मोजला ते विचारा. लिंकवर किती जणांनी बोट ठेवलं तो क्लिक रेट खरा मोजता येतो. पण माझी गिऱ्हाइकं लिंक उघडत नाहीत, थेट फोन करतात. त्यामुळे कन्व्हर्जन, म्हणजे प्रत्यक्ष ऑर्डर, माझी मीच वहीत मांडली.

आणि इथेच गंमत कळली. जुन्या गिऱ्हाइकांच्या वहीतले निम्मे नंबर मी मुद्दाम बाजूला ठेवले होते, त्यांना मेसेजच नाही. जाहिरातवाले याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. दरवर्षी नेमाने भाजणी नेणाऱ्यांत मेसेज गेलेले आणि न गेलेले, दोन्हीकडून जवळपास सारख्याच ऑर्डरी आल्या. त्या मंडळींना वसुबारस जवळ आली की माझी आठवण होतेच, मेसेज कशाला हवा? फरक पडला तो दोन-तीन वर्षांत न फिरकलेल्यांत. ‘अगं, तुझा नंबरच हरवला होता,’ असे फोन त्यांच्याकडून आले. कंपनीच्या रिपोर्टात मात्र सगळ्या ऑर्डरी मेसेजमुळेच आल्यासारख्या दिसतात. एका ऑर्डरमागे खर्च काढायचा तर फक्त या परतलेल्यांनाच धरा. तसा काढला तर माझा खर्च पेपरात टाकलेल्या पत्रकांपेक्षा थोडा कमी आला. पण अगदी नवीन माणसं पत्रकानेच आणली. ‘हे पत्रक आणा, मेतकुटाची पुडी न्या’ असं छापलं होतं, त्यामुळे कोण कुठून आलं ते पुडीवरून कळलं.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसची फुकट ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. मला तर ही अट सोयीचीच वाटते.

पाचपैकी तीन तारे. एक तारा निव्वळ त्या डीएलटीवाल्या मुलीचा. घेणार असाल तर सगळ्यात छोटं पॅकेज घ्या आणि मजकूर मराठीत किती मेसेज धरला जातो ते लेखी मागा. क्रेडिटची, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या मेसेजांची, मुदतही आधी विचारा. माझी उरलेली क्रेडिट मार्चअखेर बाद होणार आहेत, आणि कुरडयांचा हंगाम सुरू होतो एप्रिलात.