डीपकूल एके४०० : नौतप्यातल्या ग्वाल्हेरला पुरतो का?

रायझन ५ ५६०० नाहीतर इंटेलचा आय५-१२४००एफ, जोडीला आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी मॉनिटर. गेल्या काही वर्षांत जुळवलेला घरचा गेमिंग पीसी बहुतेक वेळा याच्याच आसपासचा असतो. अशा पीसीवर डीपकूलचा एके४०० हा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसवणं हा दोन-तीन हजारांचा अगदी योग्य खर्च आहे. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसतो म्हणून कोणी तो घ्यायला निघालं असेल, तर जरा थांबावं. एके४०० उष्णता वाहून नेतो, प्रोसेसरचं काम कमी करत नाही. दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ग्वाल्हेरला कूलर म्हणजे खिडकीतला, खसच्या जाळ्यांचा. त्याचाही विषय पुढे येणार आहे, म्हणून प्रोसेसरवरच्या कूलरला इथे हीटसिंकच म्हटलं आहे.

वस्तू साधी आहे. पत्र्यांचा एकच मनोरा, त्यातून गेलेल्या तांब्याच्या चार हीटपाइप (उष्णता वर पत्र्यांकडे नेणाऱ्या बंद नळ्या), प्रत्येकी ६ मिमीच्या, आणि त्यांचे चपटे केलेले तळ थेट प्रोसेसरच्या झाकणावर टेकतात. पुढे १२० मिमीचा पंखा, मिनिटाला ५०० ते १८५० फेरे. बाहेरचं माप १२७ × ९७ × १५५ मिमी. यातला १५५ हा आकडा खरेदीआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा, कारण अरुंद कॅबिनेटची काच बंद होत नाही. ५६००सोबत मिळणारा रेथ स्टेल्थ फक्त ५४ मिमी उंच, सगळा ॲल्युमिनियमचा, त्यात एकही हीटपाइप नाही. दोघे शेजारी ठेवले की पैसे कशाचे पडतात ते लगेच कळतं.

कंपनी याची क्षमता २२० वॅट सांगते. हा आकडा मोजायची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एक रीत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या आय७-१३७००केवर एके४०० चढवू नका. ५६०० कारखान्याच्या सेटिंगवर ७६ वॅटला थांबतो, १२४००एफ जास्तीत जास्त ११७ वॅटपर्यंत जातो. या दोघांना हा मनोरा मोकळेपणाने पुरतो.

आता ग्वाल्हेरचा प्रश्न. परीक्षणांतली तापमानं बहुधा २० ते २५ अंशांच्या बंद खोलीत मोजलेली असतात. हीटसिंक प्रोसेसरला हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. तो जी हवा ओढतो तिच्यापेक्षा प्रोसेसर किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. वॅट तेवढेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हा फरक साधारण कायम राहतो. समजा, २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ दाखवतो. फरक ४२. तोच पीसी नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी चारला, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गच्चीखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८२ दाखवणार, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. लहान हीटसिंकवर हाच फरक समजा ६० आहे. जानेवारीत खोली १५ अंशांवर असताना ७५, म्हणजे तक्रारीला जागा नाही. मे महिन्यात हिशेब १०० येतो, पण ५६००ची मर्यादा ९० आहे. तिथे पोचताच तो स्वतःचा वेग उतरवतो. थंडीत लोण्यासारखा चालणारा गेम उन्हाळ्यात अडखळतो तो यामुळे, आणि मग लोक उगाच विंडोज पुन्हा टाकत बसतात.

मर्यादा प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. १२४००एफची १०० अंश. रायझन ५ ७६००एक्स तर पूर्ण भाराखाली ९५पर्यंत जावा असाच बनवला आहे, तिथे ९५ बघून घाबरायचं कारण नाही.

खरेदीआधी एक तासभर मोजमाप करा. एचडब्ल्यूइन्फो६४ हा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्राम फक्त सेन्सर्सवर चालू करा, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ साधं थर्मामीटर ठेवा आणि जो गेम त्रास देतो तोच अर्धा तास खेळा. चार ओळी टिपायच्या: पॅकेज पॉवरचे, म्हणजे प्रोसेसर खातो ते वॅट, प्रोसेसरचं तापमान, थर्मल थ्रॉटलिंगपुढे (गरमीमुळे वेग उतरणं) ‘येस’ आलं का, आणि दिसत असेल तर व्हीआरएमचं, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागाचं तापमान. मग बाजूची काच उतरवून आणखी पंधरा-वीस मिनिटं खेळा. तीन-चार अंशांनी खाली आलं तर कॅबिनेट ठीक आहे. आठ-दहाने उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय, आणि नुसता हीटसिंक बदलून पुरता उतार पडणार नाही. कारण उघड आहे: आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅटपर्यंत उष्णता त्याच डब्यात सोडतं आणि प्रोसेसरचा पंखा तीच हवा ओढतो. पुढे बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये आधी १२० मिमीचे दोन पंखे समोरून आत आणि एक मागून बाहेर, एवढं तरी करा.

वापराच्या टक्क्यांचं औषध बहुतेक वेळा फुकट असतं. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम २०० फ्रेमवर धावतोय, असं फार घरांत चालतं. वरच्या सव्वाशे फ्रेम दिसत नाहीत, पण प्रत्येक फ्रेम तयार करायला प्रोसेसर राबतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ‘एफपीएस_मॅक्स’ हा आदेश आहे, व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्येच मर्यादा आहे, आणि कुठे नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ मिळतो. ७५च्या मॉनिटरला ७५ लावा आणि पॅकेज पॉवरची ओळ बघा. गेमच्या मेन्यूवरही मर्यादा हवी, तिथे काहीच घडत नसताना फ्रेम सुसाट धावतात. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीची घनता एक पायरी उतरवली की प्रोसेसरवरचा भार लगेच कमी होतो. रिझोल्यूशन उतरवून मात्र उलटंच होतं: ग्राफिक्स कार्ड मोकळं होतं, फ्रेम वाढतात आणि प्रोसेसर जास्तच दमतो.

नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना १०० टक्के दिसणं हे नेहमीचं आहे. ते काम संपू द्या, मध्येच बंद करू नका. आणि वेग उतरलेला प्रोसेसर तेवढंच काम जास्त वेळ घेऊन करतो, म्हणून त्याचा वापरही चढलेला दिसतो. गरमी आणि टक्के एकत्र चढत असतील तर आधी गरमी सोडवा.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करायचा तोडगा गावभर सांगितला जातो. तापमान झपकन उतरतं हे खरं, पण त्याने टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोय, बंद होतो. ४.४ गिगाहर्ट्झला जाणारा १२४००एफ मग २.५च्या आसपास रांगतो. त्यापेक्षा बायोसमध्ये वॅटची मर्यादा बांधणं बरं. ५६००ला पीपीटी (रायझनमधलं या मर्यादेचं नाव) ७६ऐवजी ६० द्या. गेममध्ये सगळे कोर पूर्ण भाराने क्वचितच चालतात, त्यामुळे फ्रेमचं नुकसान थोडं आणि उन्हाळ्यापुरता दिलासा मोठा.

बसवताना खरी घातक चूक एएम४ बोर्डवर, म्हणजे ५६०० ज्या सॉकेटात बसतो त्याच्या बोर्डवर होते, तीही जुना हीटसिंक काढताना. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळली की गोंदासारखी धरते, आणि एएम४च्या सॉकेटची खिट्टी प्रोसेसरला वरून दाबून धरत नाही. सरळ वर ओढलं की प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ करा, पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू सैल करा, आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलके पिळा. तो चिकटपणा सोडतो ते हाताला कळतं. त्यानंतरच उचला. सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढताना बोर्डामागची लोखंडी पाटी बोटांनी धरून ठेवा, कारण एएम४वर एके४००ला तीच लागते आणि चौथा स्क्रू निघताच ती गळून पडते. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी (१२४००एफचं) मागची पाटी एके४००च्या खोक्यातच येते.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. नवी पेस्ट एएम४वर मधोमध वाटाण्यापेक्षा जरा लहान ठिपका एवढीच. १२४००एफचं झाकण लांबट असतं, तिथे मधोमध लांबीच्या दिशेने एक रेघ द्यावी. हीटसिंकच्या तळावर संरक्षक आवरण असेल तर ते निघालं याची खात्री करा. पंखा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे स्क्रूपर्यंत हात पोचतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे देत आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर पेस्ट एका कडेला सरकते आणि एकच कोर बाकीच्यांपेक्षा बराच गरम दिसत राहतो. पंख्याची वायर ‘सीपीयू_फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. हवा रॅमकडून मागच्या पंख्याकडे वाहिली पाहिजे.

आता एक उणीव, जिच्याबद्दल दुकानात सहसा कोणी बोलत नाही. रेथ स्टेल्थसारखा चपटा हीटसिंक हवा खाली बोर्डावर फेकतो, तीच सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमलाही लागते. मनोऱ्याचा पंखा आडवी हवा फेकतो. ए३२० किंवा एच६१०च्या स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला पुष्कळदा ॲल्युमिनियमचा ठोकळाही नसतो. अशा बोर्डावर प्रोसेसर ७०वर निवांत दिसतो आणि तरी वेग पडतो, कारण बोर्ड स्वतःला वाचवतं. हा मनोऱ्याच्या घडणीचाच परिणाम आहे, कुठल्याही कंपनीचा मनोरा लावला तरी तो होणारच. उपाय म्हणजे कॅबिनेटच्या छताला, मागच्या बाजूकडे, बाहेर फेकणारा एक पंखा, नाहीतर वॅटची मर्यादा.

पंख्याचा वेग बायोसने ठरवलेल्या रेषेवर सोडू नका. अशा रेषा पुष्कळदा ४० अंशांपासून चढू लागतात, आणि इथे मे महिन्यात खोलीच ३८-४० असते. पंखा मग दिवसभर वर-खाली घुरघुरतो. ५५ अंशांपर्यंत ३५ टक्के, ७०ला ६०, ८०ला ८५, ८५ला पूर्ण, आणि बदलाला दोन-तीन सेकंदांचा उशीर द्या. आवाज एकसारखा राहतो आणि डोकं दुखत नाही.

खोलीतला कूलर लावूनच खेळा. लू चालू असताना तो खोलीची हवा उतरवतो, आणि खोली जेवढी उतरेल जवळपास तेवढाच प्रोसेसर उतरतो. पण कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे दमटपणाने आत पाणी साचत नाही. धोका आहे तो जाळीतून उडणाऱ्या बारीक थेंबांचा. बोअरिंगच्या जड पाण्याचे थेंब वाळले की पत्र्यांवर पांढरे डाग उरतात. चार-पाच हात अंतर आणि झोताची रेघ सोडून बाजूला, एवढं पुरतं.

आंधीनंतर हीटसिंकच्या पुढच्या कडेला विजेरी लावून बघा. पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये धूळ आणि कापसाचा नमद्यासारखा करडा थर धरलेला दिसेल. पंखा चालतो, फेरे बरोबर दाखवतो, आणि हवा मात्र पलीकडे जातच नाही. कूलरच्या दमट हवेत हाच थर चिखलासारखा घट्ट होतो. मे-जूनमध्ये समोरची जाळी पंधरा दिवसांनी झटका, महिन्याने पंख्याच्या तारेच्या क्लिपा सोडून पंखा उतरवा आणि पत्र्यांवर मागून पुढे ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरलेलं असू द्या.

आय७च्या के मालिकेसाठी दोन मनोऱ्यांचा मोठा हीटसिंक घ्या. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई त्यातला चांगला पर्याय आहे, सहा हीटपाइप आणि दोन पंखे. पाण्याचा कूलर घेतला तरी खोलीच्या हवेखाली तोही जात नाही, आणि त्यात पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग वाढतो.

एके४०० बसवला त्याच दिवशी अर्धा तास गेम चालवून खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक, गेमचं नाव आणि वॅट एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. पुढच्या नौतप्यात तोच गेम, तेवढेच वॅट आणि साफ केलेले पत्रे असताना हा फरक आठ-दहा अंशांनी वाढलेला निघाला, तर पेस्ट बदलायची वेळ झाली.