शेफलिन की कॅनिंग?

हर्लिंग, म्हणजे आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ, त्यात पैसा नाही. आपल्या काउंटीकडून (जिल्ह्याकडून) खेळायचं आणि पोटासाठी नोकरी करायची. म्हणून खेळाडू मोजायचा तो पदकांवर. तसं मोजलं तर वाद तिथंच मिटतो. किल्केनीच्या हेन्री शेफलिनकडे 10 ऑल-आयर्लंड (राष्ट्रीय विजेतेपदाची) पदकं, गॉलवेच्या जो कॅनिंगकडे एकच, 2017 चं.

पण किल्केनीचा तो संघच असा, की शेजारी कुणीही उभा केला तरी पदक मिळावं (थोडं वाढवून बोलतोय). गॉलवे 1988 पासून कोरडं होतं. 2017 च्या उपांत्य सामन्यात टिपररीशी बरोबरी, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची शेवटची मिनिटं सुरू. कॅनिंगनं उजव्या बाजूला, अगदी सीमारेषेजवळून चेंडू काठीनं असा उचलून मारला, की तो थेट खांबांमधून वरून गेला. एका गुणानं विजय.

गुणांच्या हिशेबात तर दोघं चिकटूनच आहेत. एक गोल म्हणजे तीन गुण, आणि चेंडू खांबांमधून आडव्या दांडीवरून गेला की एक सुटा गुण. चॅम्पियनशिपमध्ये दोघांचेही 27 गोल. सुटे गुण शेफलिनचे 484, कॅनिंगचे 486. शेफलिनचा विक्रम मोडला त्याच 2021 च्या सामन्यात गॉलवे हरलं आणि कॅनिंगनं काठी कायमची ठेवली.

संघ बांधायचा तर मी शेफलिन घेईन. तिकीट काढून बघायला मात्र कॅनिंग.