स्टॉलचा हॉर्न: सेसनाची रीड, पायपरची व्हेन की कानात वाजणारा एओए?

अमेरिकेत पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, काढून सेकंडहँड विमान घ्यायला निघालेली आपली मंडळी बहुतेकदा सेसना 172 आणि पायपर चेरोकी यांच्यात अडकतात. इंजिनाचे तास, रेडिओ, रंग सगळं तपासून होतं. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटण्याचा, इशारा मिळतो कसा, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते ते आधी विचारायला हवं.

बहुतेक 172 च्या हॉर्नला वीज लागतच नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. पंखाचा हवेशी होणारा कोन, म्हणजे एओए, वाढला की तिथला दाब घटतो, हवा ओढली जाते आणि विंडशील्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळची रीड पेटीच्या सुरासारखी वाजू लागते. स्टॉलच्या वेगाच्या 5 ते 10 नॉट (विमानाच्या वेगाचं एकक) आधी सुरुवात होते, आणि कोन वाढेल तसा सूर चढतो. कडेलोट किती जवळ आलाय ते कानालाच कळतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. तपासणीही सोपी: भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची, हॉर्न वाजला पाहिजे. भोकात किडे किंवा माती अडकली तर मात्र तो मुका होतो.

चेरोकीत पंखाच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी असते, तिला व्हेन म्हणतात. कोन वाढला की हवा तिला वर ढकलते आणि स्विच लागतो. आवाज खणखणीत, पण एकसुरी; वाजतो किंवा वाजत नाही, मधलं काही नाही. वीज गेली की गप्प. काही जुन्या चेरोकींत तर नुसता लाल दिवा आहे. फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, वळताना नजर धावपट्टीवर असते, तेव्हा दिवा बघणार कोण?

चाकं आत घेणारी पायपर ॲरो घेणार असाल तर दोन हॉर्न आले: स्टॉलचा सलग, चाकांचा तुटक. हा फरक कानात पक्का बसवाच. 14 ऑगस्ट 2005 ला हेलिओस या विमान कंपनीच्या बोइंग 737 मध्ये केबिनमधला दाब घटल्याचा हॉर्न वाजला. टेकऑफच्या चुकीच्या सेटिंगचा हॉर्नही तसाच वाजायचा. वैमानिकांची गल्लत झाली आणि 121 माणसं गेली.

तिसरा पर्याय म्हणजे वरून बसवायचा एओए इंडिकेटर. 2014 मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, त्याची परवानगी सोपी केली. काही मॉडेल्स थेट हेडसेटमध्ये इशारा देतात. 50 नॉटला स्टॉल होणारं विमान 60 अंश कलून वळताना, उंची राखत असेल तर, 71 नॉटलाच स्टॉल होतं. अशा वळणात स्पीडचा काटा बघून गाफील राहू नये म्हणून कोन दाखवणारं यंत्र उपयोगी. मात्र ते नीट कॅलिब्रेट करावं लागतं, आणि मूळ हॉर्न चालू ठेवावाच लागतो.

माझा कौल 172 ला, आणि पैसे उरले तर हेडसेटमध्ये वाजणारा एओए. चेरोकीच आवडली असेल, तर दिव्यावर चालणारी घेऊ नका, घेतलीत तर एओए आधी बसवा. ट्रायल फ्लाइटला स्वतःचा नॉइज-कॅन्सलिंग हेडसेट न्या, मालकाला किंवा इन्स्ट्रक्टरला पुरेशा उंचीवर विमान स्टॉलजवळ न्यायला सांगा, आणि हॉर्न त्या हेडसेटमधून ऐकू येतो का ते बघा.