मुखत्यारपत्रावर गावची जमीन विकायला देताय? थांबा.

'साहेब, मुंबईहून कशाला खेटे घालताय, कुलमुखत्यारपत्र करून टाका, बाकी मी बघतो.' एजंटाने हे म्हटलं, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार मागितला, की तिथेच नमस्कार करा. हे एक वाक्य मला 26,00,000 रुपयांना पडलं.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची 40 गुंठे कलमांची जागा. स्टँपपेपरवर रीतसर करार केला होता: गुंठ्याला किमान 55,000, कमिशन दोन टक्के. सोबत नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र. तेव्हा 'कागद करायचा होतास' हे शहाणपण कुणी शिकवू नका, कागदच केला होता. महिन्याभरात गिऱ्हाईक मिळालं, नेमकं 55,000 लाच. एकूण 22,00,000. कमिशनचे 44,000 वजा जाऊन हातात 21,56,000.

आता इसाराचं ऐका. एक लाख खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, त्यात पाठवणाऱ्याचं नाव खरेदीदाराचं नव्हतं. एजंटाचं होतं! लगेच फोन लावला. 'पार्टीने रोख दिले हो, गणपतीत बँका बंद, म्हणून मीच माझ्या खात्यातून टाकले.' गणपतीत गावात काय चालतं हे माहीत असलेल्या कुठल्या माणसाला हे पटलं नसतं? पण तो मेसेज अजून फोनमध्ये आहे आणि उघडला की डोकं फिरतं. खरेदीदार एजंटाचा सख्खा मेव्हणा. पाच महिन्यांनी त्याने तीच जागा गुंठ्याला 1,20,000 ने, म्हणजे 48,00,000 ला विकली. सातबाऱ्यावर नवा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद दिसली, म्हणून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढला, तेव्हा कळलं.

पोलीस म्हणाले, 'सही तुमचीच ना? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' अहो, भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(5) मध्ये दलाल आणि एजंटाने केलेला विश्वासघात स्पष्ट लिहिलाय! अर्जाची पोच द्यायलासुद्धा खळखळ. निबंधक कार्यालयात सांगितलं, आम्ही दस्त नोंदवतो, व्यवहार खरा की खोटा ते बघत नाही. तलाठ्याकडे गेलो तर 'फेरफाराची नोटीस काढली होती.' कुठे? गावच्या घरी. त्या घराला कुलूप, नोटीस वाचणार कोण, गोठ्यातले उंदीर? महारेराकडे, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे जावं तर गावची सुटी जमीन त्यांच्या प्रकल्पांत बसत नाही. जो तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि चोर गावात मोटारसायकल उडवत फिरतोय.

शेवटी वकिलाने 1872 चा करार कायदा उघडला. एजंटाने मालकाला अंधारात ठेवून स्वतःच व्यवहार केला तर कलम 215 खाली मालक तो नाकारू शकतो, 216 खाली त्यातला फायदा मागू शकतो. मात्र मेव्हणा नुसता नावाला होता हे सिद्ध करायला हवं. त्यासाठी आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा कुठला, तर तोच एक लाखाचा मेसेज. मेसेज डिलीट करू नका रे बाबांनो.

मुखत्यारपत्रात 'रद्द न होणारे' असं लिहिलं असेल तर सही करू नका. विक्रीचा अधिकार देऊच नका, दाखवण्याचा द्या. खरेदीखतावर सही स्वतः जाऊन करा, एसटीचं तिकीट परवडतं. खरेदीदाराचा आधार, पत्ता, नातंगोतं आधी विचारा. गावात दोन फोन केले की कळतं. मुखत्यारपत्र रद्द केलंत तर रद्दलेख नोंदवून पेपरात जाहीर नोटीसही द्या, कारण ज्याला रद्द झाल्याचं माहीत नाही त्याच्याशी एजंटाने केलेला व्यवहार तुमच्याच गळ्यात येतो.

दावा दाखल केलाय. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, तिच्या आत. याच एजंटाने आणखी कुणाची कलमं अशीच मेव्हण्याच्या नावावर फिरवली असतील, तर इंडेक्स टू काढून ठेवा आणि मला सांगा.